‘प्लेट स्वच्छ आहे’ म्हणजे काय?



या व्याख्यानमालेत मी विशीपासून येतो आहे. ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर, होळकरांच्या इतिहासावर मागच्या रांगेत बसून ऐकत आलो. यंदा कार्यवाह घरी आले आणि म्हणाले, “डॉक्टर, एक दिवस तुम्ही घ्या.” मी म्हटलं, “साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस मी, साहित्याच्या मंडळात काय बोलू?” ते म्हणाले, “मागे चहाच्या वेळी ते एक्स-रेचं सांगत होतात ना, तेच सांगा.” म्हणून उभा आहे.

मी बी.एच.एम.एस. डॉक्टर. भौतिकशास्त्रज्ञ नाही, एक्स-रे वाचणारा तज्ज्ञही नाही. माझी पॅथी काय म्हणते, हाही आजचा विषय नाही. चाळीस वर्षं रुग्ण पिशवीतून छातीचा फोटो काढून माझ्या हातात देतात, मी तो खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि दोन वाक्यं बोलतो. त्या दोन वाक्यांत माझ्याकडून एकदा चूक झाली. ती का झाली हे शोधता शोधता एक्स-रेचा फोटो म्हणजे काय, तो अधिक चांगला कसा करतात, आणि ‘चांगला’ म्हणजे काय, हे वाचत गेलो. आज तेच सांगणार आहे. आधी चूक सांगतो.

माझे आजोबा कारंजा लाडहून इंदूरला आले. मागोमाग आईकडचेही आले. माझे मामा इथल्या एका कापड गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून त्याच्या वाती होतात ते हे खातं. पाळी सुटून घरी आले की भुवयांवर कापूस असायचा. १९८६ साली मी दवाखाना टाकून दोन वर्षं झाली होती. मामा म्हणाले, रविवारी बरं असतं, सोमवारी पाळीवर गेलो की छाती आवळून येते, जिना चढवत नाही. मी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो आला, मी खिडकीकडे धरला आणि म्हटलं, “मामा, प्लेट स्वच्छ आहे. काही नाही तुम्हाला.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “प्लेट साफ आहे म्हंतोस, मंग हा दम कोणाचा रे?”

मी हसण्यावारी नेलं. त्यांना खातं बदलून हवं होतं, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘छातीचा फोटो नॉर्मल.’ गिरणीच्या कचेरीत माझ्याच चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांना सांगितलं गेलं, तुमचा भाचाच म्हणतो काही नाही. घरातही तेच झालं. मामी म्हणायच्या, डॉक्टरला काही दिसत नाही, तर उठा की. मामा आठ वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं तीन उशा रचून, बसूनच झोपले. त्यांना कुणी खोटं म्हटलं नाही, पण खरंही मानलं नाही.

कापसाच्या धुळीनं होणारा हा विकार वैद्यकाला जुना माहीत आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखीची खूण. वर्षानुवर्षं तीच हवा छातीत गेली तर श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. आणि साध्या छातीच्या फोटोत या विकाराची अशी खास खूण उमटत नाही. म्हणजे फोटो स्वच्छच असणार होता. मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत नव्हतंच.

आता फोटो म्हणजे काय ते पाहू.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्त्सबर्ग इथं विल्हेल्म रॉन्टगेन यांना हे किरण सापडले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि अंगठी गडद, मांस फिकं. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. तो फोटो म्हणजे सावली होती. हाडात कॅल्शियम असतं, ते किरण अडवतं. मांसात, चरबीत, रक्तात बहुतेक कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन. ही हलकी मूलद्रव्यं किरणांना फारसं अडवत नाहीत, आणि अडवतात तीही जवळजवळ सारखीच. म्हणून मोडलेलं हाड शेजारच्या मुलालाही दिसतं, पण मऊ भागातली गाठ शोधताना तज्ज्ञाचेही डोळे दुखतात.

सव्वाशे वर्षं आपण किरणांना एकच प्रश्न विचारत आलो: तू किती अडलास? पण वाटेत काही आलं की किरण दोन गोष्टी करू शकतो. एक, अडणं. दुसरी, वळणं. काचेच्या पेल्यातला चमचा वाकडा दिसतो, कारण पाण्यात शिरताना प्रकाश वळतो. पाणी प्रकाशाला अडवत नाही, तरी पाणी आहे हे कळतं. रॉन्टगेन यांनाही हे सुचलं होतं. त्यांनी पाण्याचे, अॅल्युमिनियमचे, एबोनाइटचे लोलक किरणांच्या वाटेत ठेवून पाहिले. किरण वळल्याचं खात्रीनं दिसलं नाही.

किरण वळत होते, पण फार थोडे. पाण्यात किंवा मांसात हा वळण्याचा गुण दहा लाखांत एका भागाहूनही कमी असतो. प्रत्यक्ष वळण किती? इथून एक किरण सोडला आणि शंभर मीटरवर जाऊन पाहिलं, तर तो केसाच्या जाडीइतका बाजूला गेलेला असेल. १८९५ सालच्या साधनांनी ते दिसणं शक्य नव्हतं. गंमत पुढं आहे. शरीराच्या मऊ भागांत, स्तनाच्या तपासणीला वापरतात तशा किरणांपुरतं बोलायचं तर, हा वळवण्याचा गुण अडवण्याच्या गुणापेक्षा सुमारे हजारपट मोठा असतो. म्हणजे जिथं सावली जवळजवळ पडत नाही, तिथंही किरणाची चाल बदललेली असते. ही बदललेली चाल पकडून चित्र करणं, याला फेज-कॉन्ट्रास्ट इमेजिंग म्हणतात. फेज म्हणजे लाट आपल्या चालीत कुठवर आली आहे ते. दोन माणसं बरोबर चालत निघाली, एकाच्या वाटेत चिखल आला, तर पलीकडे पोचल्यावर दोघांची पावलं जुळत नाहीत. माणूस अडला नाही, पण पावलांचा फरक सांगतो की वाटेत चिखल होता.

हे चित्र चांगलं कसं होतं, ते समजायला मला महेश्वरच्या घाटानं मदत केली. तुम्ही सगळे तिथं गेला आहात. ऊन असताना पाण्याखालच्या पायऱ्यांवर उजेडाची हलती जाळी दिसते. पाणी नितळ आहे, ऊन अडवत नाही. पृष्ठभागावरच्या लहरी ऊन वळवतात. कुठं उजेड गोळा होतो, कुठं विरळ होतो, त्याची ती जाळी. न दिसणाऱ्या लहरींचा हा फोटोच आहे.

आता दोन गोष्टी आठवून पाहा. पहिली, पायरीवर बोटभरच पाणी असेल तर जाळी नीट उमटत नाही. वळलेल्या उजेडाला एकत्र यायला थोडं अंतर लागतं. दुसरी, आभाळ भरून आलं की जाळी नाहीशी होते. पाणी तेच, लहरी त्याच, उजेडही पुरेसा. पण सूर्य एका जागेवरून उजेड देतो आणि ढगाळ आभाळ सगळीकडून. सगळ्या बाजूंच्या जाळ्या एकमेकींवर पडून पुसल्या जातात.

फेज-कॉन्ट्रास्टचे पहिले दोन नियम हेच. किरणांचा उगम शक्य तितका लहान हवा, किंवा खूप दूर हवा. आणि रुग्ण व पडदा यांच्यात अंतर हवं. नेहमीच्या फोटोत आपण छाती प्लेटला चिकटवून उभे राहतो, कारण सावली चिकटून असली की धारदार पडते. इथं उलट, पडदा मागं न्यायचा. पण किती? फार जवळ असेल तर जाळी उमटत नाही, फार लांब नेला तर उगमाचा लहानसा आकारही चित्र पुसट करायला पुरतो आणि पडद्यावर पोचणारे किरणही विरळ होतात. योग्य अंतर प्रत्येक यंत्रासाठी, प्रत्येक बारकाव्यासाठी काढावं लागतं.

१९६५ साली उल्रिक बोन्झे आणि मायकेल हार्ट यांनी सिलिकॉनच्या एकाच स्फटिकातून कोरलेल्या साधनानं एक्स-रेच्या लाटा दोन वाटांनी नेऊन पुन्हा जुळवून दाखवल्या. फार नाजूक काम, आणि दिसणारा तुकडा लहान. १९९५ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉनवर अनातोली स्निगिरेव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उगम पुरेसा चांगला असेल तर फक्त पडदा मागं नेणं पुरतं. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात स्टीफन विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी अगदी बारीक टोकाच्या एक्स-रे नळीनंही ते जमतं हे दाखवलं.

सिंक्रोट्रॉन हा शब्द इंदूरकरांना परका नसावा. विजेचे कण एका मोठ्या कड्यात जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवतात. चुंबकानं त्यांना वळवलं की ते किरण टाकतात. हे किरण अतिशय प्रखर असतात आणि फार थोडे पसरतात. आपल्या गावाबाहेर ‘कॅट’ म्हणून जी संस्था आहे, आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, तिथं इंडस-२ नावाचं असं कडं आहे. घेर सुमारे १७२ मीटर. त्याच्यावर फोटो काढण्यासाठी वेगळी किरणवाट आहे आणि तिथं फेज-कॉन्ट्रास्टचं कामही होतं. ज्या शहरात मी खिडकीकडे फोटो धरून ‘काही नाही’ म्हटलं, त्याच शहरात हे काम चालतं. मला ते उशिरा कळलं, आणि वर्तमानपत्रातून.

या मंडळात एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हर्क्युलेनियम गावातलं एक ग्रंथालय गाडलं गेलं. पपायरसच्या गुंडाळ्या कोळसा झाल्या. उघडायला गेलं की भुगा होतो. त्यांतल्या काही १८०२ मध्ये नेपोलियनला भेट गेल्या आणि पॅरिसला राहिल्या. आता अडचण पाहा. लिहिलं ते काजळीच्या शाईनं, म्हणजे कार्बन. पपायरस जळून कोळसा झाला, म्हणजे तोही कार्बन. साध्या एक्स-रेला दोन्ही सारखेच. प्लेट स्वच्छ! पण शाई कागदावर किंचित उठून बसलेली असते, आणि ती कडा किरणाला वळवते. २०१५ साली विटो मोचेल्ला यांच्या गटानं ग्रनोबलच्या किरणांनी फेज-कॉन्ट्रास्टचा उपयोग करून न उघडलेल्या गुंडाळीतली काही ग्रीक अक्षरं दाखवली. आपल्याकडे ताडपत्रावरची एक ओळ वाळवीनं खाल्ली तर हळहळणारे लोक आपण. एकोणीस शतकं कुणी न वाचलेली ओळ अशी समोर येणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता जिवंत माणसाकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथं आहे. गुंडाळीला किरणांनी इजा होण्याची आपल्याला तितकी धास्ती नसते. माणसाला होते. चित्रात खरखर दिसते, कारण किरणही पावसाच्या थेंबांसारखे मोजके पडतात. पडदा जितक्या बारीक चौकटींचा, तितके प्रत्येक चौकटीत थेंब कमी आणि खरखर जास्त. ती निम्मी करायची तर किरण चौपट टाकावे लागतात. मेलेल्या माणसाच्या दान केलेल्या अवयवावर हे चालतं. २०२१ साली ग्रनोबलच्या सुधारलेल्या सिंक्रोट्रॉनवर आख्ख्या फुप्फुसाची चित्रं काढली गेली, त्यांत कोविडनं गेलेल्या माणसाचं फुप्फुसही होतं. आख्खा अवयव पाहता पाहता पेशींच्या जवळपास जाता येतं इतका बारकावा. जिवंत माणसाला एवढी मात्रा देता येत नाही. तिथं चित्राचा दर्जा वाढवायचा तो किरण न वाढवता. इटलीत त्रिएस्ते इथं २००६ पासून काही स्त्री रुग्णांची स्तन तपासणी सिंक्रोट्रॉनच्या किरणांनी याच पद्धतीनं झाली. नेहमीच्या मॅमोग्राफीनं उलगडा न झालेल्यांसाठी, आणि मात्रेवर बारीक लक्ष ठेवून.

किरण न वाढवता दर्जा वाढवायचा एक मार्ग गणिताचा. पडदा मागं नेल्यावर जे चित्र मिळतं, त्यात फक्त कडा उठून दिसतात. चेहऱ्याचं रेखाचित्र असावं तसं. त्या कडांवरून आतला भाग परत उभा करावा लागतो. २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड पॅगानिन आणि सहकाऱ्यांनी एका चित्रावरून हे करण्याची सोपी पद्धत दिली. ती जगभर वापरतात, कारण तिनं खरखरही खूप कमी होते. पण ती एक गोष्ट गृहीत धरते: समोरची वस्तू एकाच प्रकारच्या द्रव्याची आहे, आणि त्या द्रव्याच्या वळवण्याचं आणि अडवण्याचं प्रमाण आपल्याला माहीत आहे. ते प्रमाण चुकीचं घातलं तर? आकडा जास्त घातला तर चित्र लोण्यासारखं मऊ होतं आणि बारीक गोष्टी त्यात विरघळतात. कमी घातला तर नसलेल्या कडा उरतात. दोन्ही चित्रं पाहायला छान असू शकतात.

वाचकहो, इथं थोडं थांबा. चित्र सुंदर झालं म्हणजे चित्राचा दर्जा वाढला, असं आपण सहज मानतो. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर गालावरचा डाग पुसतो, आपण खूश होतो. छातीच्या फोटोतला डाग कुणी पुसला तर? आता संगणकाला हजारो चित्रं दाखवून खरखर पुसायला शिकवतात. तो उत्तम काम करतो. पण त्यानं आधी पाहिलेलं नाही असं काही समोर आलं, तर तो ते खरखर समजून पुसू शकतो, किंवा नेहमी असतं म्हणून नसलेलं काढू शकतो.

पुढं त्याच हर्क्युलेनियमच्या गुंडाळीवर संगणकानं शाई शोधण्याची मोठी स्पर्धा झाली. २०२३ चं मोठं बक्षीस फेब्रुवारी २०२४ मध्ये युसुफ नादेर, ल्यूक फॅरिटर आणि ज्युलियन शिलिगर या तीन तरुणांना जाहीर झालं. त्यांत मला आवडली ती एक काळजी. संगणकाला ग्रीक अक्षरं शिकवली नव्हती, भाषा शिकवली नव्हती. इथं शाई आहे का नाही, एवढंच तो लहान लहान तुकड्यांवर सांगायचा. अक्षर झालं का, शब्द झाला का, हे प्राचीन हस्तलिखितांच्या जाणकारांनी पाहिलं. अक्षरं माहीत असती तर त्यानं नसलेली अक्षरं काढून दिली असती. मला हे वाचून आपल्या चिठ्ठीची आठवण झाली. मला निरोगी छातीचा फोटो माहीत होता, मी तोच वाचला.

शेवटचा मार्ग जाळ्यांचा, आणि तो मामांच्या छातीजवळ जातो. दोन मच्छरदाण्या एकीवर एक पडल्या की त्यांच्यात मोठाल्या लाटांची नक्षी दिसते. एक मच्छरदाणी इंचभर नव्हे, धाग्याएवढी सरकली तरी ती मोठी नक्षी सरसर हलते. म्हणजे न दिसणारं सरकणं दिसतं. एक्स-रेच्या वाटेत अशा अतिशय बारीक जाळ्या ठेवतात. रेघांमधलं अंतर काही मायक्रॉन, आणि किरण अडवण्यासाठी त्या रेघांत सोनं भरलेलं. जाळीमागे ठराविक अंतरावर जाळीचीच प्रतिमा उमटते, हे साध्या प्रकाशाबाबत हेन्री फॉक्स टॅल्बॉट यांनी १८३६ सालीच पाहिलं होतं. एक्स-रेच्या बाबतीत जपानमध्ये अत्सुशी मोमोसे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते करून दाखवलं. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झ फायफर आणि सहकाऱ्यांनी एक तिसरी जाळी थेट नळीच्या तोंडाशी ठेवली. तिनं एका जाड उगमाचे अनेक बारीक उगम केले. ढगाळ आभाळाला बारीक फटींचा पडदा लावावा, तसं. त्यामुळे दवाखान्यात असते तशी साधी नळीही चालू लागली.

या मांडणीत एकाच वेळी तीन चित्रं मिळतात. किरण किती अडले, किती वळले, आणि किती विखुरले. तिसऱ्याला डार्क-फील्ड म्हणतात. साबणाचा फेस आठवा. पाणी पारदर्शक, हवा पारदर्शक, पण फेस पांढरा. कारण हजारो इवल्या बुडबुड्यांच्या भिंतींवर उजेड विखुरतो. बुडबुडे फुटून मोठे झाले की फेसाचा पांढरेपणा कमी होतो. फुप्फुस हाही फेसच आहे. तीस कोटी किंवा त्याहून जास्त वायुकोश, मध्ये पातळ भिंती. निरोगी फुप्फुस किरण खूप विखुरतं, म्हणून डार्क-फील्डमध्ये ते उजळ दिसतं. एम्फिसीमात भिंती फुटून मोठ्या पोकळ्या होतात आणि तो उजळपणा मावळतो. साध्या फोटोत मात्र तिथं आधीही हवा, नंतरही हवा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात रुग्णाला उभं करून असा फोटो काढण्याचं यंत्र बनवलं आहे. छातीएवढी जाळी एकसंध बनवणं कठीण, म्हणून लहान तुकडे शेजारी शेजारी बसवलेले. रुग्णाला काही सेकंद श्वास धरावा लागतो. २०२१ साली त्यांनी दम्यासारख्या जुनाट आजाराच्या, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्रा सीटी स्कॅनच्या मानानं पुष्कळ कमी.

उद्या सकाळी कोपऱ्यावरच्या एक्स-रेवाल्याकडे जाऊन हा फोटो मागू नका. तो अजून संशोधनाच्या दवाखान्यांत आहे. आणि हे यंत्र तेव्हा असतं तर मामा वाचले असते, असंही मी म्हणत नाही. मामांचा विकार मुख्यतः श्वासनलिकांचा होता. त्यासाठी नळीत जोरानं फुंकण्याची साधी तपासणी असते, स्पायरोमेट्री. ती १९८६ सालीही होती. मी मामांना त्या तपासणीला पाठवलं नाही, कारण प्लेट स्वच्छ होती. यंत्राचा दोष नव्हता. फोटोनं त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मी ते सगळ्याच प्रश्नांचं उत्तर समजलो.

मी जैन घरातला. लहानपणी पाठशाळेत ‘नय’ शिकवला, एका बाजूनं पाहिलेलं सत्य. पंडितजी सांगायचे, नय खोटा नसतो. बाकीचे नय नाकारले की तो खोटा होतो. परीक्षेत मी हे लिहून गुणही मिळवले होते. अडणं हा एक नय, वळणं दुसरा, विखुरणं तिसरा. आणि सोमवारी छाती आवळते हे रुग्णाचं सांगणं, तोही एक नयच. मी पहिल्याच्या जोरावर चौथा नाकारला. पाठशाळेतलं वाक्य दवाखान्यात आणायला मला पंधरा-वीस वर्षं लागली.

तेव्हापासून एक गोष्ट बदलली आहे. फोटो खिडकीकडे धरल्यावर मी ‘काही नाही’ म्हणत नाही. ‘या फोटोत दिसत नाही’ म्हणतो, आणि पुढं विचारतो, ‘तुम्हाला काय होतं, ते पुन्हा सांगा.’ गरज वाटली की योग्य तज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. चिठ्ठीत ‘नॉर्मल’ हा एकच शब्द कधी लिहीत नाही. कोणती तपासणी, कशासाठी, आणि रुग्णाचा त्रास काय, हे तिन्ही लिहितो. दोन ओळी जास्त लागतात.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं कुणी, विशेषतः आयुष्यभर धुळीत, धुरात, चुलीपुढे काम केलेलं कुणी, त्रास होतो म्हणत असेल आणि रिपोर्ट चांगला आला असेल, तर त्या माणसाला ‘उठा की’ म्हणू नका. डॉक्टरांना विचारा, ‘या तपासणीत काय दिसतं आणि काय दिसत नाही?’ चांगला डॉक्टर रागावणार नाही. मला १९८६ साली कुणी हे विचारलं असतं तर मी कदाचित गडबडलो असतो, पण पुस्तक उघडलं असतं.

मामांनी विचारलं होतं, मामांनीच. मी ऐकलं नाही. आज तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत.